माळावरचं शीड

आमच्या शेजारची होडी रोज सकाळी सहाला सुटायची आणि सातला परत यायची. या तासाभरात ती जागची तसूभरही हलायची नाही. कारण ती अंगणात चार दगडांवर ठेवलेली होती, आणि ते अंगण आटपाडीबाहेरच्या माळावर होतं. होडीच्या मागच्या टोकाला सुभेदार हणमंत मोटे सुकाणूची दांडी धरून ताठ बसलेले असत. बोट ओलं करून हवेत धरत, वाऱ्याचा अंदाज घेत आणि दणक्यात विचारत, "क्रू, तैयार?"

क्रू म्हणजे मी. मी कुंपणापलीकडे दात घासत उभा असायचो. तोंडात ब्रश तसाच ठेवून मान हलवायचो. नाही हलवली तर ते पुन्हा विचारत, आणि दुसऱ्यांदा विचारलं की शेजारपाजारची सगळी कुत्री जागी होत.

मी इथल्या कॉलेजात भूगोल शिकवायला आलो आणि सुभेदारांच्या शेजारची खोली भाड्यानं घेतली. पहिल्या दिवशी त्यांनी गाव विचारलं. मी आष्टा म्हणालो, तसे ते खाटेवरून उठूनच उभे राहिले. आष्टा म्हणजे कृष्णाकाठ, कृष्णाकाठ म्हणजे पाणी, आणि पाण्याकाठचा माणूस म्हणजे जन्मजात नावाडी, असा त्यांचा सरळ हिशोब. आष्ट्यापासून नदी चांगली काही मैल लांब आहे आणि मला पोहता येत नाही, हे मी त्यांना तीनदा सांगितलं. तिन्ही वेळा त्यांनी ते विनय समजून सोडून दिलं. "मास्तर, फालतू बात न्हाई. तुमच्या रक्तात पानी हाय," असं म्हणून त्यांनी माझी नेमणूक करून टाकली. भूगोलाच्या माणसाचा असा उपयोग आयुष्यात पहिल्यांदाच कुणाला तरी वाटला होता, म्हणून मीही फार ताणलं नाही.

होडीची जन्मकथा अशी. सुभेदारांनी अठ्ठावीस वर्षं फौजेत काढली. त्यातली सतरा वर्षं पुण्याजवळच्या एका फौजी क्लबातल्या शिडाच्या होड्या सांभाळण्यात गेली. होड्या घासायच्या, वॉर्निश लावायचं, दोऱ्या वळायच्या, साहेब लोक पाण्यातून परत आले की होडी वर ओढून कोरडी करायची. सतरा वर्षांत कोणती होडी कोणत्या वाऱ्याला कशी वागते हे त्यांना पाठ झालं, पण चालवायला म्हणून एकदाही बसता आलं नाही. तशी पद्धतच नव्हती. पुढं निवृत्तीनंतर काही वर्षांनी क्लबानं जुनं कंडम सामान विकायला काढलं, त्यात तेरा फुटी प्लायवूडची एक होडी होती. सुभेदारांनी ती चार मेंढरांत घेतली.

इथं खुलासा केला पाहिजे. त्यांनी मेंढरं दिली नाहीत, पैसेच दिले. पण मोटे मंडळी पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारी. घरात पेन्शन बँकेतून येत असली तरी किमती मेंढरांतच होतात. होडी चार मेंढरं. पुण्याला डाळिंबं उतरवून रिकामा परतणारा टेम्पो, त्यातून तिला आणायचं भाडं एक मेंढरू. टेम्पोतून होडी उतरली तेव्हा म्हणे अर्धं गाव बघायला जमलं होतं. कुणीतरी विचारलं, ही चालणार कशावर? सुभेदार म्हणाले, वाऱ्यावर. आणि मग ते वाक्य पहिल्यांदा बोलले, जे नंतर मी हजार वेळा ऐकलं.

"वारं फुकाट हाय."

स्वस्तातल्या जुन्या होडीबद्दल मला आता जे कळतं ते सगळं या वाक्यानंतरच्या दोन वर्षांत कळलं. वारा फुकट असतो, पण त्याला धरायला लागतं ते काहीच फुकट नसतं. होडीला पाण्याची सवय. आटपाडीच्या उन्हानं महिन्याभरात तिचे सांधे उकलले. लाकूड सुकू नये म्हणून सुभेदारांनी तिच्यावर गोणपाटं अंथरून ती रोज भिजवायला सुरुवात केली. ज्या गावात कालपरवापर्यंत टँकरमागं घागरी धावत होत्या, तिथं एक माणूस लाकडाला पाणी पाजतो हे बघून म्हातारी माणसं तोंड फिरवून जात. सांधे भरायचा राळेसारखा मसाला सांगलीहून आला, तो एक मेंढरू. तळाची फळी बदलली, दोन मेंढरं. डोलकाठीला वाळवी लागली होती. त्या दिवशी सुभेदार दोन तास काठीशेजारी बसून होते, मग उठून म्हणाले, वारं फुकाट हाय, आणि नवी काठी आणायला कराडला निघून गेले. भाड्यासकट सात मेंढरं.

त्यांना न थांबवता येणारा माणूस म्हणावं, तर त्यांना एकदा एका कोंबडीनं एकवीस दिवस थांबवलं. काकींची, म्हणजे सुभेदारीणबाईंची, एक कोंबडी खुडूक झाली आणि होडीच्या नाकाडात जाऊन अंड्यांवर बसली. ऐन मरम्मतीचे दिवस. सुभेदारांनी काठी उचलली, तोच मागून आवाज आला, "हणम्या, बसल्याली हाय ती. उठवायची न्हाई." सुभेदारांनी काठी खाली ठेवली. पुढचे तीन आठवडे ते होडीच्या मागच्या अर्ध्या भागालाच पॉलिश करत राहिले. आजही मागचा अर्धा जास्त चकचकीत आहे.

तो आवाज थोरल्यांचा. थोरले म्हणजे सुभेदारांचे मोठे भाऊ, बिरा मोटे. ओसरीतल्या खाटेवर, पाठीशी घडी केलेलं घोंगडं घेऊन ते दिवसभर बसलेले असत. चाळीस वर्षं मेंढरांमागं चालले. दिवाळीनंतर कळप घेऊन निघायचं, घाट उतरायचे, पावसाच्या तोंडावर परत यायचं. आता गुडघ्यांनी काम सोडलं होतं. कळप विकून टाकला होता, पाच-सहा मेंढरं तेवढी मागच्या वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या कुंपणात, उरली होती. त्यांना खाटेवरून उठवायलाही दोन माणसं लागत.

आणि सुभेदारांनी जाहीर करून टाकलं होतं, की या होडीतून पाण्यावरची पहिली खरी फेरी दादाची. गावाजवळच्या तलावात उपसा योजनेचं पाणी येतं, पावसानं भर पडते, पण उन्हाळ्याच्या तोंडाला ते काठापासून लांब पळतं आणि मधे गुडघाभर चिखल राहतो. म्हणजे जे करायचं ते थंडी संपायच्या आत. सांगलीच्या डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं होतं, की थोरल्यांना पुढच्या थंडीत नीट बसताही येईल की नाही, भरवसा नाही. त्यामुळं हे वर्ष हुकलं की सगळंच हुकलं. हे सुभेदारांना माहीत होतं, काकींना माहीत होतं, मलाही.

थोरल्यांना मात्र यातलं काहीही नको होतं. त्यांना ती होडी बघवत नसे. "लाकाड हाय. चुलीत घाला," एवढंच ते म्हणत. आख्ख्या तालुक्यावर ओरडणारा हा माणूस थोरल्या भावासमोर आवाज चढवत नसे. मला वाटायचं, या गृहस्थांना होडी चालवायची हौस आहे आणि भाऊ हे निमित्त आहे. असं मी एकदा काकींना बोललोही. त्या होडीच्या फळीवर सांडगे वाळत घालत होत्या. त्यांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं आणि पुढचा सांडगा घातला.

तलावावर होडी न्यायची तर परवानगी हवी. सुभेदार अर्ज घेऊन आले आणि माझ्यासमोर बसून भरू लागले. छापील फॉर्म यांत्रिक बोटींचा होता. 'इंजिन' या रकान्यात त्यांनी लिहिलं, वारा. 'इंधन' या रकान्यात लिहिलं, फुकट. मी म्हटलं, सुभेदार, असं चालणार नाही. ते म्हणाले, खोटं लिहू का? कार्यालयातल्या साहेबांनी फॉर्म वाचला, चष्मा काढून पुसला, पुन्हा वाचला आणि बुडू न देणारी जॅकेटं घालायच्या अटीवर सही केली. नारिंगी जॅकेटंही क्लबातलीच कंडम, पण तरंगणारी. सुभेदारांनी ती हौदात दगड बांधून तपासली होती.

सगळं जमत आलं आणि बकरीनं शीड खाल्लं.

सगळं नाही, खालचा कोपरा. चांगला दोन हात. वाळत घातलेलं शीड शेजारच्या बकरीला कशाचं पान वाटलं कोण जाणे. नवं शीड म्हणजे पाच मेंढरं, आणि ते मुंबईहून यायला दोन महिने. तोवर पाणी उतरलं असतं. सुभेदार घरात गेले, जुनं घोंगडं घेऊन बाहेर आले आणि दाभण घेऊन ठिगळ लावायला बसले. मी शंका काढली. ते म्हणाले, "मास्तर, घोंगड्यानं ऊन थांबतंय, पाऊस थांबतोय, थंडी थांबती. मग वाऱ्यानं काय घोडं मारलंय?"

थोरले ओसरीतून ठिगळाकडं बघत होते.

चाचणीला फक्त सुभेदार आणि मी. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून होडी तलावावर आली, बांधावर बघ्यांची रांग लागली. होडी पाण्यात शिरली आणि खरोखर तरंगली. शीड वर गेलं. वर पांढरं, खाली काळं. वारा भरला आणि आम्ही निघालो. मी दोन्ही हातांनी बाक घट्ट धरला होता, पण खोटं कशाला सांगू, पाण्यावर आवाज न करता असं सरकण्यात काहीतरी होतं. भीतीच्या खालीच ते मला जाणवलं. सुभेदार सतरा वर्षं साठवलेले हुकूम एका दमात सोडत होते. त्यातल्या एकाचा अर्थ मला उलटा लागला. मी नको त्या बाजूला झुकलो, होडी कलली, शिडाची खालची कड पाण्याला लागली. एरवी एवढ्यानं काही होत नाही, होडी परत सरळ होते. पण खालचा भाग घोंगड्याचा होता. ते पाणी प्यायलं आणि पीतच राहिलं. आम्ही दोघांनी ओढून पाहिलं, शीड काही वर येईना. होडी शांतपणे, अगदी सावकाश, आडवी झाली.

मी बुडतोय असं ओरडत होतो. बांधावरून कुणीतरी सांगितलं, मास्तर, उभे राहा. उभा राहिलो, तर पाणी कमरेएवढं होतं. ते हसणं कॉलेजात अजून माझ्या मागं येतं.

घरी परतलो तेव्हा बातमी आमच्या आधी पोचली होती. थोरले खाटेवर गदागदा हसत होते. काकींनी सांगितलं, वर्षभरात पहिल्यांदाच. हसता हसता ते थांबले आणि म्हणाले, "हणम्या, तुला फौजेनं रेनकोट दिला. भिजल्यालं घोंगडं खांद्यावर घिऊन घाट चढलायस का कवा? म्या चढलोय. बैलाएवढं हुतंय त्ये."

सुभेदारांचा चेहरा एकदम उतरला. तसा तो होडी उलटली तेव्हाही उतरला नव्हता. ते उठून मागच्या वाड्याकडं गेले. थोड्या वेळानं मीही गेलो. मला वाटलं, पडलेल्या माणसाला आता सोडून द्या म्हणणारं कुणीतरी हवं असतं. तसं मी म्हणालो. पाणी उतरत चाललंय, शीड नाही, लोक हसतायत, पुरे करा.

ते मेंढरांना पाला टाकत राहिले. मग पाठमोरेच सांगू लागले. फौजेची भरती सांगलीला होती. दोघं भाऊ गेले होते. धावण्यात दादा पहिला आला, ते स्वतः नववे. दोघंही पास झाले. पण वडील थकले होते आणि कळपामागं एकजण राहायला हवा होता. परतताना एस्टीच्या स्टँडवर दादानं आपला भरतीचा कागद फाडला.

"मला म्हणला, तू जा. मला चालायची सवय हाय." सुभेदार वळले. "मी गाडीत बसलो, आगगाडीत बसलो, सायबाच्या जीपमधी बसलो. त्यो चालत हुता. अठ्ठावीस वर्सं मी बसलो मास्तर. एकदा तरी त्येला न चालता कुठंतरी न्हेऊ दे मला."

मी त्या माणसाला हौशी म्हटलं होतं, याची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला होडी अंगणात नेहमीसारखी सुटली. "क्रू, तैयार?" मी ब्रश तोंडातून काढून मोठ्यानं म्हणालो, तैयार. आणि मग एक नवीनच गोष्ट झाली. ओसरीतून थोरल्यांनी विचारलं, शीड कशाचं लावणार? सुभेदार म्हणाले, बघतो. थोरले म्हणाले, बघायचं काय त्यात, मेंढरांच्या वाड्यावर टाकलेला फ्लेक्स काढ. पाणी पीत न्हाई, फाटत न्हाई, तीन पावसाळे टिकलाय.

फ्लेक्स कुणा भावी नेत्याच्या वाढदिवसाचा होता. गावातल्या ताडपत्री शिवणाऱ्यानं तो बेतून शिवला, दोऱ्यांसाठी भोकं पाडून पितळी कड्या बसवल्या. एक मेंढरू. नेत्याचा चेहरा कापण्यात अर्धा गेला, पण मिशी आणि 'हार्दिक' हा शब्द शिडाच्या बरोबर मधोमध आला. उलटा. सुभेदारांनी डोलकाठीवर चढवून पाहिलं, लांब जाऊन पाहिलं आणि सॅल्यूट ठोकला. तो कुणाला होता ते विचारायचं मी टाळलं.

आठ दिवस आम्ही दोघं सराव करत राहिलो. मी पुन्हा दोनदा पडलो, आता उभं राहायचं माहीत होतं. पाणी रोज टीचभर मागं जात होतं. नवव्या दिवशी सकाळी ट्रॅक्टर ओसरीसमोर येऊन उभा राहिला.

थोरले म्हणाले, मी येत नाही. सुभेदार म्हणाले, बरं. मग खाली बसले, भावाचे दोन्ही पाय एका खांद्यावरून आणि हात दुसऱ्या खांद्यावरून घेतले आणि उठले. लंगडं मेंढरू धनगर मानेवर घेतो, अगदी तसं. थोरले शिव्या देत होते, पण हात सोडवत नव्हते. तलावाच्या काठावर चिखल होता, तिथून सुभेदार असेच गुडघाभर गाळातून चालत गेले आणि भावाला होडीच्या पुढच्या बाकावर ठेवलं. बाकावर त्या घोंगड्याची घडी होती. आता कळलं, ठिगळ उसवल्यावर ते कुठं गेलं.

होडी सुटली. थोरले पुढं, मी मधे, सुभेदार मागं. थोरल्यांनी दोन्ही कडा घट्ट धरल्या होत्या. मधोमध गेलो आणि वारा पडला. शीड लोंबलं, मिशी सुरकुतली. सुभेदारांनी बोट ओलं केलं, डावीकडं धरलं, उजवीकडं धरलं. काही नाही. काठापासून एवढ्या लांब, समोर दादा, आणि वारा नाही. सुभेदारांच्या कपाळावर घाम आला. मी वल्हं शोधू लागलो.

"थांब रं," थोरले म्हणाले. त्यांनी नाक किंचित वर केलं. "म्हागनं येतोय. आत्ता यील. दांडी जरा तुझ्याकडं वढ."

चाळीस वर्षं ज्याला पावसाचा, लांडग्याचा, गवताचा वास वाऱ्यावर घ्यावा लागला, त्याला हे शिकवायची गरज नव्हती. सुभेदारांनी दांडी ओढली. पाण्यावर मागून एक बारीक लहर पळत आली, फ्लेक्स फाडकन भरला आणि होडी निघाली. मी जॅकेटला घट्ट धरून बसलो होतो. थोरल्यांनी हळूहळू कडा सोडल्या. हात मांडीवर ठेवले. पाय पुढं लांबवले, तळवे वर करून, आणि त्यांच्याकडं बघत बसले.

बऱ्याच वेळानं ते माझ्याकडं वळून म्हणाले, "ह्यो सारखा म्हणतोय वारं फुकाट हाय. सोळा मेंढरं ग्येली मास्तर. ह्यो इसरतोय, मी खाटंवर बसून मोजतुया." मग पुन्हा पायांकडं पाहिलं. "चांगल्या जागी ग्येली."

मागं सुभेदारांच्या हातातली दांडी करकरली. मी वळून पाहिलं नाही.

काठ जवळ आला. बांधावर काकी उभ्या होत्या, ट्रॅक्टरवाला उतरून पुढं आला होता. मी दोरी हातात घेतली. थोरल्यांनी मान न वळवताच हात वर केला.

"हणम्या, अजून एक फेरी हाण. पायास्नी बरं वाटतंय."

"व्हय दादा," सुभेदार म्हणाले आणि होडी वळवली.